सुमनताईंची मोजणी

सुमनताई कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. पोट शिवण्याआधी, आत काही राहू नये म्हणून, कात्र्या, चिमटे, गॉज मोठ्याने मोजून घ्यायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. सिंदी मेघे गावात आमची भिंतीला भिंत, त्यामुळे रोज ऐकू यायचं, "कंपायलर? आहे. लायब्ररी? आहे. मेमरी कार्ड? आहे."

हा खटाटोप त्यांच्या यजमानांसाठी, वसंतरावांसाठी होता. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात चालेना. दिवसभर छताकडे बघत पडून असायचे. नातवाने आपला हातात मावणारा जुना गेम-कन्सोल दिला, पण त्यातल्या प्रत्येक खेळाला दोन्ही हात लागत. "खेळ बनवणारे दोन हातवाल्यालेच माणूस समजते काय?" ताई म्हणाल्या, आणि एकट्या डाव्या हाताने खेळता येईल असा कापूस वेचायचा खेळ स्वतःच लिहायला बसल्या.

अशा घरगुती खेळांची साधनं, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर, तयार तुकड्यांची लायब्ररी, हौशी लोक इंटरनेटवर फुकट ठेवतात. ती उतरवून एकमेकांशी जुळवणं हेच खरं जिकिरीचं. मी पॉलिटेक्निकात प्रोग्रामिंग शिकवलेलं, म्हणून आपोआप सल्लागार झालो. माझ्या प्रत्येक सल्ल्यावर उत्तर ठरलेलं: "सर, आधी मोजू, मंग बोलू." कन्सोलवर झाडाविनाच पहिलं पांढरं बोंड उमटलं तेव्हा वसंतराव एवढंच म्हणाले, "पऱ्हाटी कुठाय?"

एका दुपारी दोघं तपासणीला सावंगीच्या दवाखान्यात गेले. घराची किल्ली माझ्याकडे होती. ताईंना चकित करावं म्हणून मी नव्या आवृत्तीचा कंपायलर बसवला. लायब्ररी राहिली जुनी. दोघांचं पटेना, खेळ तयारच होईना. जुना परत बसवायच्या आत ऑटो दारात आला.

दुसऱ्या दिवशी ताईंची मोजणी पूर्ण भरली, पण खेळ अडला. कोणी हात लावला काय, असं त्यांनी विचारलं. "कोण लावणार?" मी म्हणालो.

त्यांनी सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. वसंतरावांना खेळ उशिरा मिळाला, पण मिळाला; पुढे तर ते जेवायचंही विसरू लागले. ताई मात्र मोठ्याने मोजेनाशा झाल्या. थिएटरातल्या जुन्या सोबतीण कुसुमताईंना फोनवर सांगताना मी ऐकलं, "आता माझ्या मोजणीवर माझाच भरोसा नाई राह्यला वं."

गेल्या महिन्यात ते लेकीकडे नागपूरला राहायला गेले. सामान गाडीत चढत असताना मी अखेर सगळं सांगितलं. माफीची चार वाक्यं पाठ केली होती. ताईंनी ती ऐकलीच नाहीत. फोन लावून माझ्या हातात दिला. "कुसुम आहे. तिले सांगा."

गाद्या आणि बादल्यांच्या मधे उभं राहून मी त्या न पाहिलेल्या बाईंना सांगितलं, की हात मी लावला होता, सुमनताईंची मोजणी बरोबर होती. पलीकडून खरडपट्टी सुरू झाली: बाहेरच्या माणसाने विचारल्याबिगर हात लावलाच काऊन?

ताईंनी फोन काढून घेतला. "राहू दे वं," त्या म्हणाल्या. "शेजारी आहेत ते. त्यायले थिएटरातलं काय मालूम."