शेपटाचा चहा

काकांचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. ज्या कंपनीत तिशी ओलांडलेल्या माणसाकडे अडगळीतल्या कपाटासारखं बघतात, तिथे ते नोकरीला होते. म्हणून सगळ्यांचे काका. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी कॉम्प्युटरला काय ते आठवायचं.

कंपनी घरपोच किराणा पोचवायची. सुरू झाली तेव्हा ती टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत मावत होती: पाच माणसं, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा. कंपनी काढणारा पोरगा पंचविशीतला, डोळ्यांत नुसती आग. काका त्याला लाडाने ‘मालक’ म्हणायचे आणि तो लाजायचा. त्या लाजण्यावर भाळूनच काकांनी सरकारी कचेरीतली पक्की नोकरी सोडली होती. थोरल्या भावाने कपाळावर हात मारला. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोयस!” काका नुसते हसले.

त्यांचं काम तक्रारी ऐकण्याचं. कुणाची अंडी फुटलेली, कुणाचे टोमॅटो लिबलिबीत, कुणाला साबणाऐवजी मेणबत्त्या. पण काय ऐकायचे काका! फोनवर कडाडलेली बाई शेवटी त्यांनाच विचारायची, “तुम्ही जेवलात का हो?”

दर शुक्रवारी संध्याकाळी पाचही जण टेबलाभोवती उभे राहायचे आणि मालक विचारायचा, “या आठवड्याचं शेपूट कोण?” ज्याचं काम सगळ्यांत मागे, ते शेपूट. शिक्षा एकच, सगळ्यांना चहा करून पाजायचा. पहिल्या शुक्रवारी सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले, तेव्हा काकांनी हात वर केला. “मी! तुमच्या हातचा चहा पिण्यापेक्षा शेपूट झालेलं परवडलं.” असा हशा पिकला, की खालचा टायरवाला वर बघायला आला. तेव्हापासून दर शुक्रवारी तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच हशा. हुकमी वाक्य होतं ते काकांचं.

मग कंपनीला पंख फुटले. खोलीचा मजला झाला, मजल्याची काचेची इमारत. दर सोमवारी नवे चेहरे यायचे आणि खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघायच्या आत त्यांच्यावर बसायचे. चहा मशीनमधून यायला लागला. मालकाला सगळे ‘सर’ म्हणू लागले, हळूहळू काकाही. आणि फोन चार मिनिटांत संपलाच पाहिजे, असा नियम आला.

काकांच्या हाताखाली आता बाराजण होते. त्यांतल्या एकीला सगळे ‘लांबण’ म्हणत, कारण तिचे फोन चारच्या जागी दहा मिनिटं चालायचे. “काय करू काका, आजोबा एकटेच असतात घरी. दुधाची तक्रार हे निमित्त हो!” फोनवरच्या माणसाला मन मोकळं करू द्यावं, हे तिला शिकवलं होतं कुणी? काकांनीच.

शेपटाची पद्धत तेवढी टिकली होती, पण तिची कातडी बदलली होती. आता दर तिमाहीला प्रत्येक प्रमुखाने सरांसमोर आपल्या गटातलं शेपूट सांगायचं. आणि यंदापासून ते शेपूट कापायचं. तसा निरोप आला होता, पण रोजच्या निरोपांच्या ढिगाऱ्यात काकांच्या नजरेतून तो निसटला.

बैठकीत त्यांची पाळी आली. “तुमचं शेपूट कोण?” सरांनी विचारलं.

“मी!” तोच सूर, तोच वर गेलेला हात.

कुणीच हसलं नाही. टाळीच्या भरवशावर नटाने झोकात प्रवेश करावा आणि समोर रिकाम्या खुर्च्या दिसाव्यात, तसं झालं. एचआरच्या बाईंनी मान खाली घालून टकटक काहीतरी टाइप केलं. सगळे पांगल्यावर त्याच हळूच म्हणाल्या, “काका, महिनाअखेरीला शेपटाला निरोप देतात. ठाऊक होतं ना तुम्हाला?”

काका तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. “अरे मालक, गंमत होती ती! आपली जुनी...”

“गमतीचे दिवस गेले, काका.” सरांनी फोनवरून नजर उचलली नाही. “पैसे घालणारे मला जाब विचारतात. उद्या सकाळपर्यंत दुसरं नाव द्या. नाहीतर तुमचंच राहील.”

घरी ताटावर बसले, पण नुसता भात चिवडत राहिले. बायकोने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं.

“तुम्ही हात वर केलाच कशाला?”

“सवय गं.”

“पोरगी कॉलेजात आहे. या वयात तुम्हाला कोण दारात उभं करणार आहे? तुमच्या दादांना काय सांगायचं?” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुमच्या हाताखालच्या पोरी तरण्या आहेत. त्यांना मिळेल कुठेतरी.”

 तिचं चूक आहे, असं काका म्हणाले नाहीत.

सकाळी ते केबिनमध्ये गेले. आयुष्यभर ज्या आवाजाने परक्यांचा राग निवला, त्याच आवाजात नाव बाहेर पडलं.  लांबणचं.

“बघा, अवघड नव्हतं,” सर म्हणाले.

जागेवर येऊन काकांनी खालच्या खणातून टायरच्या दुकानावरच्या खोलीतली जुनी किटली काढली. मशीन बाजूला असताना बाराजणांसाठी चहा केला आणि एकेकाच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला. किटलीची आणि शेपटाची गोष्ट सगळ्यांनी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलेली.

“अगंबाई, किटली बाहेर!” लांबण म्हणाली. “आज शेपूट कोण, काका?”

“मीच गं.”

ती खळखळून हसली. पाठोपाठ सगळी ओळ हसली. काल जो हशा आला नव्हता, तो आज आला, भरभरून. काका किटलीचा कान घट्ट धरून उभे राहिले.

तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. “हो, येते,” म्हणत ती उठली. “एचआरच्या बाईंनी वर बोलावलंय. चहा झाकून ठेवा हं काका, आलेच मी.”

ती लिफ्टकडे गेली. काकांनी तिच्या कपावर बशी ठेवली.