भरलेलं की रिकामं

आमच्या मळ्याला लागून लष्कराच्या विमानतळाची भिंत आहे. लढाऊ विमानं दुसरीकडे. आमच्या भिंतीपलीकडची सगळी ओझं वाहणारी. नाना, म्हणजे माझे वडील, तिथे सामान चढवायच्या कामावर होते. ते लागले तेव्हा बाभळी आणि एक पत्र्याची शेड, एवढाच कारभार होता. त्यांच्या देखत धावपट्टी लांबली, विमानांची पोटं सुटली. सरहद्दीकडे रजया, पीठ, चांदवडचा कांदा जायचा. कुठे पूर आला की तांदूळ आणि तंबू. येताना रजेवरचे जवान यायचे. कधी शवपेट्याही. त्या उतरवल्या त्या दिवशी नाना जेवत नसत.

भिंतीआडची धावपट्टी आम्हाला दिसत नाही. पण विमान उठताना आवाज किती वेळ जमिनीला घासतो, त्यावरून नाना सांगत, भरलेलं की रिकामं. जास्त वेळ घासला की भरलेलं. गावात थट्टा व्हायची, "नानांचे कान नाय, वजनकाटा हाय!" त्यांच्या मागे लागून लहानपणी मीही ते शिकले. आई शिकल्याचं आठवत नाही. तिला नानांचा शब्द पुरे होता.

यंदा सरहद्दीवर तणाव वाढला आणि धाकट्या भावाचा फोन लागेना. तो तिकडेच, पायदळात. मी पंचवटीतल्या सासरहून आईच्या सोबतीला आले. विमानांची सारखी ये-जा चालली होती. एखादं उठलं की आई झेंडूची खुडणी थांबवून विचारायची, "अहो, कसं गेलं?" रिकामं गेलं म्हणजे पोरांना आणायला गेलं, हे नानांनीच तिला कधीतरी सांगितलेलं.

"रिकामं हाय," नाना म्हणायचे. आई पुन्हा खुडायला लागायची.

मला मात्र जाणारं प्रत्येक विमान भरलेलं ऐकू येत होतं. शहरात राहून आपलेच कान बिघडले असतील, असं मी मनाला समजावलं. तिसऱ्या दिवशी देवळीत नानांचं कानाचं मशीन दिसलं, डबीत बंद. हल्ली त्याशिवाय त्यांना जवळचं बोलणंच तेवढं ऐकू यायचं. माझं डोकंच फिरलं. तशीच तरातरा बांधावर गेले, डबी त्यांच्या तोंडासमोर नाचवली आणि ओरडले, "हे न घालताच सांगताय तिला?"

त्यांनी डबी माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली.

"ऐकू आलं तर तिला खोटं कसं सांगू, बाई?"

एवढ्यावर माझा राग गळून गेला. जन्मभर त्यांनी ती विमानं भरली. आता त्यातलं एकही त्यांना थांबवता येत नव्हतं, आणि मला तर भावाचा फोनसुद्धा लावता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फुलं घेऊन बाजाराला गेले होते. मळ्यात मी आणि आई दोघीच. भिंतीपलीकडे विमान सुटलं. आवाज घासत राहिला, घासत राहिला, सुटता सुटेना. शेवटी उठलं एकदाचं.

आईनं माझ्याकडे बघितलं. "कसं गेलं गं?"

"रिकामं," मी म्हणाले.

हातातले मूठभर झेंडू तिनं टोपलीत टाकले.

"तुझेबी कान गेले का गं?" ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे सरकली.