तू एकटाच गेला होतास

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी नेहमीच्या तपासणीला गेले. पाचवा महिना लागला होता. आम्ही ग्योतोकुला राहतो आणि नवऱ्याचं ऑफिस कावासाकीला, म्हणजे टोकियोच्या पार पलीकडे. त्यामुळे तो दर वेळी दवाखान्यात यायचा नाही. मला त्याची गरजही वाटायची नाही. डॉक्टरीणबाई माझ्यासाठी सावकाश, सोप्या जपानीत बोलायच्या, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ हलताना बघायला भाषा लागत नाही.

त्या दिवशी त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्या पोटावरचं जेल स्वतःच्या हातांनी पुसलं. हे काम एरवी नर्स करते. "तुमच्या मिस्टरांना बोलवाल का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. तरी मी दीड तास बाकावर बसून राहिले. तो धापा टाकत आला, आत गेला, बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला.

"ठोके लागत नाहीयेत," तो म्हणाला.

"मला माहितीये."

बस, एवढंच बोललो आम्ही. पाठीमागे ख्रिसमसची गाणी नळीतून यावीत तशी बारीक आवाजात वाजत होती आणि रिसेप्शनच्या काउंटरवर हातभर उंचीचं कागदी झाड ठेवलं होतं.

मला दाखल करून घेतलं. दोन दिवसांनी, दुपारी, सगळं झालं. कळा यायच्या तशा आल्या, फक्त शेवटी खोलीत कोणी रडलं नाही. नर्स वयाने मोठी होती. तिने वाकून मला विचारलं, "भेटायचंय का?" तिने 'बघायचंय का' असं विचारलं नव्हतं, 'भेटायचंय का' असंच विचारलं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि मान हलवली. नको. नवरा तिच्यामागून शेजारच्या खोलीत गेला. किती वेळ गेला होता ते मला आठवत नाही. परत आला तेव्हा त्याने चष्मा काढून खिशात ठेवलेला होता.

इथला नियम असा आहे की इतक्या दिवसांचं बाळ गेलं की त्याची नोंद करावी लागते आणि दहनही करावं लागतं. आपल्याकडे एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. सासूबाई फोनवर तेच सांगत होत्या. मी पलंगावर होते आणि तो खिडकीशी उभा राहून बोलत होता. "आई, इथे तसं चालत नाही गं. परवानगीच नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "हो. कळतंय मला. पण नाही चालत."

तो नगरपालिकेत जाऊन फॉर्म भरून आला. स्मशानात सकाळची पहिली वेळ मिळाली होती. मला त्याच सकाळी घरी सोडणार होते. त्याने विचारलं, "तू येशील? आपण डॉक्टरांना विचारून बघू."

"मला नाही जमणार," मी म्हणाले. "तू जाऊन ये."

भाजी आणायला सांगावं तसं म्हणाले. तो गेला. दुपारी घरी आला तेव्हा त्याच्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेलं, लोणच्याच्या छोट्या बरणीएवढं काहीतरी होतं. त्याने ते गाद्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि दार सरकवून बंद केलं. "चहा घेणार?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. मी त्याला काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही.

मी स्टेशनजवळच्या एका छोट्या केकच्या दुकानात पार्टटाइम काम करते. दुकान एका नवरा-बायकोचं आहे. ते आतमध्ये केक बनवतात, त्या बाहेर गिऱ्हाईक बघतात. त्यांना लोक ओकुसान म्हणतात, म्हणजे आपल्याकडे वहिनी म्हणावं तसं. मीही तेच म्हणते. डिसेंबर म्हणजे आमच्या दुकानाची दिवाळी. या देशात ख्रिसमसला सुट्टी नसते, चर्चमध्ये जाणारेही थोडेच, पण चोवीस तारखेला घरी केक न्यायचा म्हणजे न्यायचाच. पांढरं क्रीम, वर लालभडक स्ट्रॉबेऱ्या. महिनाभर आधी लोक नाव नोंदवून ठेवतात.

ओकुसाननी मला जानेवारीपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण घरात बसलं की ते कपाट समोर असायचं. दोन आठवड्यांनी मी दवाखान्यात शेवटची तपासणी केली आणि तिथूनच त्यांना फोन केला, की मी उद्यापासून येते.

त्या तपासणीला जातानाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. गरोदर बायकांना इथे एक गुलाबी रंगाचा गोल बिल्ला देतात, पिशवीला अडकवायचा. तो दिसला की गाडीत लोक जागा देतात. मी तो काढलाच नव्हता. लक्षातच आलं नव्हतं. तोझाई लाइनच्या गाडीत मी दांडी धरून उभी होते, तर समोर बसलेली कॉलेजातली असावी अशी मुलगी बिल्ला बघून पटकन उठली. "बसा ना." मला म्हणता आलं असतं, की नको, मी बरी आहे. पण त्यापुढे काय सांगणार? मी बसले. ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी तो बिल्ला झाकून धरला. पाच स्टेशनं तशीच बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा मला चोरी केल्यासारखं वाटलं. उतरल्यावर बिल्ला काढायला गेले तर बोटं इतकी गारठलेली, की त्याचा पट्टा निघेना. शेवटी दाताने ओढून काढला.

दुकानात ओकुसाननी मला काउंटरवर उभं केलं नाही. आत खोके जुळवायला बसवलं. का ते त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. बाहेर लहान मुलं काचेला नाक लावून केक बघायची आणि आया त्यांना मागे ओढायच्या. पडद्याआडून सगळं ऐकू यायचं. मी शेकडो खोके जुळवले. चोवीसला मात्र इतकी गर्दी झाली की मला बाहेर यावंच लागलं. एका तरुण बाईने पाठीवरच्या बाळासाठी विचारलं, "केकवर नाव लिहून मिळेल? याचा पहिलाच ख्रिसमस आहे." मी म्हणाले, "मिळेल की." चॉकलेटची पाटी आत नेऊन दिली, नाव घालून परत आणली, तिला दाखवली, खोक्यात ठेवली, रिबीन बांधली. हात अजिबात थरथरले नाहीत. त्याचंच मला फार वाईट वाटलं.

सव्वीसला सकाळी गेले तर झाड, घंटा, लाल फिती सगळं नाहीसं झालं होतं. दाराशी नव्या वर्षाची बांबू आणि पाइनची सजावट उभी होती. जणू काल काही नव्हतंच. इथे दर वर्षी असंच होतं, मला ते आवडायचंही. त्या वर्षी मी दाराबाहेर थांबून राहिले. ओकुसान बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. जपानी माणसं सहसा असा स्पर्श करत नाहीत.

आता नवऱ्याबद्दल. तो तिसऱ्या दिवशी कामावर गेला होता. डिसेंबरात इथल्या ऑफिसांमध्ये वर्ष संपण्याच्या पार्ट्या असतात, एका टीमची झाली की दुसरीची. तो रोज उशिरा यायचा. नेहमी साडेसातला घरी असणारा माणूस, नऊ वाजायचे. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पार्टीत बसलाय, हसतोय, दुसऱ्याच्या ग्लासात बिअर ओततोय, असं मी मनाशी चित्र काढायचे. वरण-भात झाकून ठेवायचे आणि ते चित्र आणखी रंगवायचे. तो आला की म्हणायचा, "अगं, जेवायची थांबलीस कशाला?" मी म्हणायचे, "थांबले नाही, भूक नव्हती." अशी आमची बोलणी. एका छपराखाली दोन भाडेकरू राहावेत तसे राहत होतो. आणि मनातल्या मनात मी त्याचा हिशेब मांडत होते, की हा एकदाही रडला नाही.

एकोणतीसला त्याचं ऑफिस बंद झालं. वर्षअखेरीला इथे घरोघर मोठी साफसफाई करतात, आपल्या दिवाळीआधीसारखी. आम्हीही दर वर्षी करतो. तो स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या पंख्याची चिकट जाळी खरवडत होता. मी पडदे काढले, गाद्या उन्हात टाकल्या, आणि कपाट पुसायला म्हणून वरच्या फळीवरून ती पांढरी गाठोडी खाली घेतली. पहिल्यांदाच हातात घेतली. वजन असं काही नव्हतंच.

"हे कुठे ठेवू?" मी विचारलं.

माझा आवाज मला जरा जास्तच साधा वाटला. तो स्टुलावरून उतरला. हात तेलकट होते म्हणून त्याने ती घेतली नाही, नुसता समोर उभा राहिला.

"असू दे तिथेच," तो म्हणाला.

"तिथेच म्हणजे? आयुष्यभर गाद्यांच्या कपाटात?"

"मग कुठे? तू सांग ना. तू काही बोलतच नाहीस."

"मी बोलत नाही? रोज पार्ट्या करून नऊला कोण येतं घरी?" आणि मग जे इतके दिवस जिभेवर होतं ते बाहेर पडलं. "तुला काही वाटलंच नाही. एकदाही रडला नाहीस तू."

तो जमिनीवर बसला. तेलकट, काळ्या हातांनी तसाच.

"मी एकाही पार्टीला गेलो नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी वाटेत निहोम्बाशीला गाडी बदलतो ना, तिथे फलाटावर बसतो. शेवटच्या टोकाला एक बाक आहे. तिथे कोणी येत नाही. रडून होईपर्यंत बसतो. घरी तुझ्यासमोर कसा रडू? तुझ्यावरून एवढं गेलेलं."

मी गाठोडी मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसले. मग त्याने त्या सकाळचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण आता तो थांबणार नव्हता आणि मी थांबवणार नव्हते.

"सकाळची पहिली वेळ का देतात, माहितीये? भट्टी थंड असते. जास्त तापलेली असली तर एवढ्या लहान बाळाचं काहीच उरत नाही. तो माणूस मला म्हणाला, आम्ही अगदी जपून करू. आणि खरंच, उरलं होतं. काड्यापेटीतल्या काड्यांसारखं. मग त्यांनी चॉपस्टिक्स दिल्या, लांब. इथे अस्थी दोघांनी मिळून उचलायच्या असतात. एकच अस्थी, दोघांनी दोन बाजूंनी. त्याने माझ्या मागे बघितलं, आणखी कोण आहे म्हणून. मी म्हणालो, मी एकटाच आहे. तर त्याने टोपी काढली, माझ्यापुढे वाकला, आणि दुसऱ्या चॉपस्टिक्स स्वतः घेतल्या. तो आणि मी. त्या अनोळखी माणसाने आणि मी उचललं."

तिथे मी असायला हवी होते. एवढंच एक काम होतं, आणि ते मी परक्या माणसावर सोडलं होतं.

"दिसायला कशी..." मी म्हणाले आणि अडखळले. "कसं होतं ते?"

"'कशी'च बरोबर," तो म्हणाला. "मुलगी होती. फॉर्मवर लिहावं लागतं. तुला वाटलं तर तू विचारशील, म्हणून मी थांबलो होतो."

तीन आठवडे तो हे एकटा घेऊन फिरत होता. आपल्याला मुलगी झाली होती, हे या जगात त्याला, त्या नर्सला आणि नगरपालिकेतल्या कारकुनाला माहीत होतं, आणि मला नव्हतं.

"सांग," मी म्हणाले.

"माझ्या तळहातावर मावून जरा पुढे मनगटापर्यंत. बोटं पूर्ण होती. नखंसुद्धा. कपाळ तुझ्यासारखं, रुंद. तोंड थोडंसं उघडं होतं. नर्सने विणलेली टोपी घातली होती, पिवळी. ती जरा मोठी व्हायची. सारखी डोळ्यांवर यायची, मग मी ती वर करायचो."

मी तेव्हा रडले. दवाखान्यात रडले होते, पण ते माझ्यासाठी. हे तिच्यासाठी पहिल्यांदा. तो माझ्या पाठीवर मनगट ठेवून बसला होता, तेलकट पंजा वर धरून. पडदे मशीनमध्ये धुऊन झाले, मशीन वाजून बंद झालं, बाहेर गाद्यांवरचं ऊन उतरलं, तरी आम्ही तिथेच होतो.

रडल्याने सगळं ठीक झालं असं नाही. मी तिला भेटले नाही ते नाहीच. ते भरून येत नाही, आणि मी आता तशी अपेक्षाही करत नाही. जानेवारीत सासूबाईंना फोनवर मीच सांगितलं, "आई, मुलगी होती." त्या म्हणाल्या, "अग्नीचं मी तुम्हाला उगाच बोलले गं. मनाला लावून घेऊ नका." आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिल्या.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पुन्हा दिवस गेले नाहीत. आम्ही अजून त्याच घरात आहोत. तिला कुठे न्यायचं हे आमचं ठरत नाही, म्हणून ती आमच्याकडेच आहे.

या डिसेंबरात वरच्या मजल्यावर एक नवं मराठी जोडपं राहायला आलंय, पुण्याचं, नवऱ्याची बदली म्हणून आलेलं. रविवारी त्यांना पोह्यांना बोलावलं होतं. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा ते मी त्यांना समजावत होते. त्यांची मुलगी आमच्या सोफ्यावर उड्या मारत होती. ती बाई सहज म्हणाली, "तुम्हाला मुलं किती?"

असं कोणी विचारलं की मी "नाही" म्हणते आणि विषय बदलते. इतकी वर्षं तोही तेच म्हणत आला होता. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "एक मुलगी होती आम्हाला."

त्या बाईचा चमचा बशीतच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. मग मी उठून सगळ्यांना आणखी पोहे वाढले, आणि त्याच्या बशीत वरून ओलं खोबरं घातलं.