राहीबाईनं निवडलेली रायफल

रायफलीबद्दल मला आयुष्यात पुष्कळ पुरुषांनी पुष्कळ सांगितलं. त्यातलं बरंचसं ऐकून सोडून देण्यासारखं होतं. जिचं ऐकलं आणि ऐकून कधी पस्तावले नाही, ती एक बाई होती आणि तिनं तोवर एकही गोळी झाडलेली नव्हती. ती राहीबाई. तिची गोष्ट सांगते. मधेच कुणी ‘पण त्या काळी बायका...’ असं सुरू करू नये. बायका त्या काळीही होत्या.

एकाहत्तरची लढाई संपली आणि नगरातल्या अर्ध्या लोकांना एकाएकी नेमबाज व्हावंसं वाटू लागलं. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, वय चौतीस. आमच्या रायफल क्लबात छोट्या पॉइंट टू-टू रायफली होत्या, पन्नास मीटरच्या. त्यात माझं बरं चालायचं. पण मला लांबचा नेम शिकायचा होता, तीनशे गजांचा. मिरजगावच्या रस्त्याला, टेकडीच्या पोटाशी होमगार्डची एक रेंज होती. तिथं रविवारी सकाळी होमगार्डच्याच एका रायफलीवर सराव करायची आम्हाला परवानगी होती.

रेंजवर लक्ष्याच्या पुढं एक खंदक असतो. त्याला सगळे ‘बट’ म्हणत. बटात माणसं बसतात, लाकडी चौकट वर चढवतात, गोळ्या झाल्या की खाली ओढतात, भोकं दाखवतात आणि मग ती कागदाच्या तुकड्यांनी बुजवतात. बुजवल्याशिवाय पुढच्याचं भोक कुठलं ते कळणार कसं? हे काम राहीबाई करायची. माहेर मिरजगावचं, सासर रेंजला लागूनच्या वस्तीवर. बाप बैलांचा व्यापारी. नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम. तिची पस्तिशी उलटलेली, उंच, हाडापेरानं मोठी, मशेरीनं दात काळे, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी दुखवून घ्यायचं आणि मग घरी जाऊन विचार करायचा. माफी मागताना मी तिला कधी पाहिलं नाही. चूक नसतानाही नाही, चूक असतानाही नाही.

त्र्याहत्तर सालच्या त्या दुष्काळात विहिरी आटल्या होत्या आणि रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळायची. घरात भाकरी मिलोची आणि बटात तुकडे चिकटवायची खळही मिलोचीच. दोन वर्षं ती त्या खंदकात बसून दर रविवारी दोन-अडीचशे भोकं बुजवत होती.

एकदा मी माझा कागद बघायला खाली उतरले तर म्हणाली, “बाई, तुमचा हात वाईट न्हाई. बंदूक खोडील हाय. तापली की उजवीकडं चढती.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पयल्या चार मदी, मागच्या सा उजवीकडं वर. दर रईवारी. तुमी येगळ्या येगळ्या दिशी येगळं जेवून येत आसाल, पर बंदूक तीच आस्ती.”

मी फिजिक्सची बाई. लाकडी दस्ता नळीला कुठंतरी चिकटला असला तर तापल्यावर नळी एका अंगाला ढकलली जाते, हे मला पुस्तकातून सांगता आलं असतं. सुचलं मात्र नव्हतं. तिला सुचलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत सरकारी भांडारातून क्लबला सहा जुन्या थ्री-नॉट-थ्री आल्या, आठ दिवसांसाठी. त्यातली एक ठेवून घ्यायची, लांब पल्ला शिकण्यासाठी, पाच परत. सगळ्या बोल्टच्या. म्हणजे एक गोळी झाडली की मूठ उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली दाबायची, मगच दुसरी. शिकणाऱ्याला तसलीच बरी. हात थांबतो, तेवढ्यात डोकं चालतं.

क्लबाचे अध्यक्ष आप्पासाहेब, पेशानं वकील, आमच्यातले सगळ्यात चांगले नेमबाज. आणि शस्त्रांची देखभाल बघणारा छगन, होमगार्ड. सहापैकी दोन नंबरची रायफल पूर्वी आठ वर्षं छगनच्याच ताब्यात होती. ती बघून माझेही डोळे दिपले. दस्ता तांबूस झळकत होता, बोल्ट लोण्यासारखा फिरत होता, नळीचं तोंड आरशासारखं.

“हीच ठेवा साहेब,” छगन म्हणाला. “दर खंडेनवमीला म्या स्वतः पूजा केलीया हिची. तोंड कसं चकाकतंय बघा.”

पाच नंबरची मात्र बघवत नव्हती. दस्ता कधीतरी फुटलेला आणि पितळी पट्टी ठोकून सांधलेला, रंग गेलेला.

“ही काय, विहिरीतनं काढली का?” आप्पासाहेब म्हणाले.

ठरलं असं की प्रत्येकीच्या दहा गोळ्या मी झाडायच्या, वाळूच्या पोत्यांवर टेकवून, म्हणजे माणसाचा दोष कमीत कमी. प्रत्येकीला नवा कागद. राहीबाई नेहमीप्रमाणे बटात. शेवटी तिनं सहा कागद वर आणले आणि जमिनीवर पसरून त्यांच्यावर दगड ठेवले.

दोन नंबरच्या कागदावर मध्यबिंदूत, अगदी बरोबर मधोमध, एक भोक. आणखी दोन काळ्या गोलात. छगन टाळ्या पिटायचाच राहिला. आप्पासाहेबांनीही मान डोलावली. पाच नंबरच्या कागदावर काळ्यात एकही नाही. खाली डावीकडं, पांढऱ्यावर, दहाच्या दहा.

“ही पाच नंबर,” राहीबाई म्हणाली.

“परत पाठवायची?” आप्पासाहेब.

“ठिवायची.”

छगन हसला. “आगं आक्का, एक तरी काळ्यात हाय का? नेम म्हंजे काय ते तरी ठावं हाय का तुला?”

“तुजी दोन नंबर बग. दहा गोळ्या, आठ कागदावर. दोन गेल्या कुटं? सोलापूरला? आन् ऱ्हायल्याल्या आठ आशा इखुरल्यात की जनू बाजार उठलाय.” मग तिनं पाच नंबरच्या भोकांवर आपला पंजा पसरला. दहाही त्या वितीखाली झाकली गेली. “ह्या बगा साहेब. दहा बैलं एका खुट्याला बांदल्यात. खुटा चुकीच्या जागी हाय, तर खुटा हालवा. सुटल्याल्या बैलांचं काय हालवनार?”

 जे मी वर्गात तासभर खडू झिजवून समजावते, की चूक सारखी असली तर दुरुस्त होते, विखुरलेली असली तर होत नाही, ते हिनं पंजा ठेवून सांगितलं होतं. मी स्वतः मधोमधचं ते एक भोक बघून भुलले होते. कबूल करते.

आप्पासाहेब वकील. ते इतक्यात मानणारे नव्हते. “राही, पंजा ठेवून रायफल ठरत नसते.”

“मग कशानं ठरती ते तुमी बगा. मी सांगितलं. पर साहेब, माजं बराबर निगालं तर मला काय?”

“तुला काय पाहिजे?”

तिनं कागदावरचा पंजा उचलला. 

“मला झाडायचीया. दोन वर्षं मी भोकं बुजवती. आता मला पाडायचीत. एकदाच न्हाई, शिकायचंय.”

छगन म्हणाला, “बंदूक म्हंजे मुसळ न्हाई आक्का.”

“मुसळाचा नेम चुकला तर बोटं जात्यात. तुजा चुकला तर वाळूला काय कळतंय?”

आप्पासाहेब हसले नाहीत. नियम सांगितला: सभासदाशिवाय कुणी गोळी झाडू शकत नाही, आणि सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. “माझी तयार आहे,” मी म्हणाले. माझ्याकडं न बघताच ते राहीबाईला म्हणाले, “पुढच्या रविवारी मी स्वतः दोन्ही झाडतो, दहा-दहा. पाच नंबर सरस ठरली तर दुसरी सही माझी. नाही ठरली, तर हा विषय रेंजवर पुन्हा काढायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

त्या आठवड्यात आम्ही पाच नंबरचा खुटा हलवला. नळीच्या टोकावर नेम धरायची जी माशी असते ती केसभर सरकवली, आणि मागची पट्टी एक खाच वर घेतली. आणि मी आणखी एक गोष्ट केली. दोन्ही रायफलींचे बोल्ट काढून ठेवले आणि नळीच्या तोंडात एकेका काडतुसाचं टोक घालून बघितलं. पाच नंबरमध्ये गोळी थोडीशी आत गेली आणि अडली. दोन नंबरमध्ये थेट काडतुसाच्या पितळेपर्यंत बुडाली. तोंड झिजून रुंद झालं होतं. मी छगनला विचारलं, हे घासलंय कशानं?

“विटकरीच्या भुकटीनं, आन् चिंचंनं,” तो अभिमानानं म्हणाला. “घरची पितळी भांडी घासतो तसं. दर खंडेनवमीला.”

आठ वर्षं! नळीतून निघताना गोळीचा शेवटचा स्पर्श त्या तोंडाला होतो. तेच वाकडंतिकडं झिजलं तर गोळी वाकडी निघणारच. बिचाऱ्यानं प्रेमानं मारलं होतं तिला. मी आप्पासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “रविवारी बघू.” वकिलांना पुरावा आवडतो, पण स्वतः उलटतपासणी केलेला.

रविवारी छगन म्हणाला, बटात एकटी राहीबाई नको, ती आपल्या मनानं दाखवील. म्हणून मीही खाली उतरले. खंदकात बसलं की गोळी डोक्यावरून जाते तेव्हा चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. मी दर वेळी मान खाली घालत होते. ती तंबाखू मळत बसली होती.

आधी दोन नंबर. काळ्यात चार, बाकी कुठं कुठं. एक तर कागदालाच लागली नाही. गोळी चुकली की हलवायचं ते लाल निशाण राहीबाईनं हलवलं, ते काही आनंदानं नव्हे. “छगन्यानं लई जीव लावला हिला,” म्हणाली.

मग नवा कागद चढवला. पाच नंबर. पहिली गोळी. आम्ही चौकट खाली ओढली. भोक वरच्या कोपऱ्यात, काळ्यापासून हातभर लांब.

मी तिच्याकडं बघितलं. “राहीबाई...”

“छगन्यानं काल नळीत त्याल घातलं आसंल,” ती शांतपणे म्हणाली. “पयली तेलाची आस्ती, वाकडी जाती. होमगार्डाच्या परेडीनंतर नेमी आसंच हुतं. सांगून ठिवाया पायजे हुतं.”

“आता सांगून कोण ऐकणार?”

“न्हाई ऐकनार. नऊ हाईत आजून.”

पण तिनं तंबाखू तोंडात टाकलीच नाही. तशीच मुठीत धरून बसली. दुसरी गोळी. काळ्यात. तिसरी, काळ्यात, दुसरीला जवळजवळ खेटून. चौथी, पाचवी. सहावी काठावर. वारा सुटला होता, टेकडीवरची धूळ वर उठली आणि आप्पासाहेब थांबले. किती थांबले! मला ओरडावंसं वाटत होतं, झाडा की एकदाचे. धूळ बसल्यावर उरलेल्या चार त्यांनी झपाझप झाडल्या. चारही काळ्यात.

कागद घेऊन त्यांच्याकडं वर गेलो. आप्पासाहेब कोपरावर टेकून अजून पालथेच पडलेले. दोन्ही कागद त्यांनी समोर धरले, एकदा या हातातला बघितला, एकदा त्या. पहिल्या गोळीवर बोट ठेवलं.

“तेल,” मी म्हणाले.

“ते मला माहीत आहे हो बाई. नळीतून धूर निघाला ना.” मग छगनकडं वळून, “इतकं तेल? रायफल आहे की वांग्याची भाजी?”

छगन दोन नंबरच्या दस्त्यावरून हात फिरवत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू.

फॉर्म मी पिशवीतून आणलाच होता. आप्पासाहेबांनी रायफलीच्या पेटीवर ठेवून सही केली, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. ती म्हणाली, “भोकं बुजवनं लिवा.” त्यांनी ‘शेती’ लिहिलं. राहीबाईनं स्वतःचं नाव लिहिलं, अक्षर मोठं, रेषेच्या बाहेर जाणारं, पण न विचारता, न अडखळता.

मग ती पदर खोचून पालथी पडली. छगन बटात गेला. मी तिच्या शेजारी. दस्ता खांद्यात घट्ट, गाल लाकडाला, श्वास अर्धा सोडून थांबायचं, बोट ओढायचं नाही, दाबायचं. एवढंच सांगितलं. जास्त सांगितलं की शिकणारा गोंधळतो.

पहिली गोळी वाळूत. तीनशे गजांवर छगननं लाल निशाण असं हलवलं की अख्ख्या तालुक्याला दिसावं. राहीबाईनं खांदा चोळला, “लाथ मारती की,” म्हणाली आणि मूठ उचलून काडतूस बाहेर फेकलं. दुसरी वाळूत. तिसरी कागदावर, अगदी कडेला. चौथी आणखी थोडी आत. पाचवीला तिनं इतका वेळ घेतला की आप्पासाहेबांनी घड्याळ काढलं. ती पाचवी पांढऱ्यावर पडली, काळ्याच्या जरा खाली. काळ्यात एकही नाही.

मला वाटलं ती हिरमुसेल. गालावर लाल वळ उठला होता, नाकाला धूळ. ती उठून बसली आणि हात पुढं केला, “आजून पाच द्या.”

“आजची काडतुसं संपली,” आप्पासाहेब म्हणाले.

“मग पुढल्या रईवारी.” ती उभी राहिली, साडी झटकली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून बटाकडं ओरडली, “छगन! पुढल्या रईवारी आटाला खाली उतर. उशीर केलेला चालायचा न्हाई मला!”