दुसरी सुई

आमच्या जरीपटका वस्तीतली नर्सबाई बोलायला फटकळ होती आणि चालायची घोडीसारखी. बांधकामावरच्या छत्तीसगडी मजुरांची लेकरं शोधून ती सुया टोचायची. एकदा सहा महिन्यांच्या एका पोराची डांग्या खोकल्याची दुसरी सुई राहिली आणि काम संपलं म्हणून मायबाप त्याला घेऊन खाप्याला गेले. रविवारी बाई बर्फाचा थर्मास घेऊन एसटीत बसली. खाप्याला माझी बहीण होती, म्हणून मीही निघाले.

"सुट्टीच्या दिवशी काहून मरून राहिली वं?" मी विचारलं.

"त्याइचं घरच फिरते आजी, मग मलेच फिरा लागते."

नदीकाठच्या झोपड्यांत पोर सापडलं. बाईला पाहताच त्यानं भोकाड पसरलं.

बाई हरखली. "पाहा आजी, ओळखलं मले!"