सालहीनमामाच्या घरातलं शेवाळ

माझा सालहीनमामा जन्मात कोणाला घाबरवू शकला नाही, पण घाबरायचं सगळं काम त्यानं एकट्यानं अंगावर घेतलं होतं. कुत्र्याला घाबरायचा, गाढवाला घाबरायचा, शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांना घाबरायचा. आणि धंदा रंगाऱ्याचा. त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या घरांत छताखालची वीतभर भिंत कोरीच आहे. विचारलं तर म्हणायचा, तिथं बघतंय कोण.

एका खोलीत मात्र तो छतापर्यंत पोचला होता. हव्वामामीच्या. मामीला अर्धशिशी. आमच्याकडचं ऊन पांढऱ्या भिंतीवर आपटून सरळ डोळ्यांत घुसतं, की ती डोक्याला फडकं करकचून बांधून आडवी व्हायची. अकरा वर्षांपूर्वी मामानं तिच्यासाठी एक रंग कालवला. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, राखाडी म्हणावा तर तोही नाही. विहिरीच्या आतल्या दगडावर सावलीत थर धरतो ना, तसा, पण दुधात बुडवून काढलेला. मामा त्याला 'शेवाळ' म्हणायचा. त्या भिंतीकडे बघत पडलं की डोक्यातला हातोडा थांबतो, असं मामी सांगे. मग तो रंग दाराच्या चौकटीवर आला, खिडकीच्या झडपांवर आला, स्वयंपाकघरातल्या फळीवर चढला. गिऱ्हाइकं मागायची, पण मामा द्यायचा नाही. बायकोचं औषध आहे म्हणायचा.

मग लिबियातली जुनी राजवट पडली.

जुन्या राजवटीचा रंग हिरवा. झेंडा हिरवा, दुकानांची दारं हुकमानं हिरवी. आता लोक तीच दारं घाईघाईनं पांढरी नि निळी करत होते. नव्या झेंड्यातही लाल नि काळ्याच्या जोडीला हिरवा होता, पण एक पट्टा. एक पट्टा हिरवा म्हणजे देशप्रेम, अख्खी भिंत हिरवी म्हणजे गद्दारी, असा तेव्हाचा हिशेब. आणि जुन्या राजवटीची जी माणसं इथंतिथं लपून बसली होती, त्यांना लिबियाभर एकच नाव पडलं: शेवाळ. अमक्याच्या तळघरात शेवाळ सापडलं, असं कानावर आलं की त्या घराबद्दल पुढे काही विचारायचं नसे. लपलेल्याला नेत आणि लपवणाऱ्यालाही नेत. घराचा धूर मात्र सगळ्यांना दिसायचा.

हे मामाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण अकरा वर्षांची जीभ दोन महिन्यांत वळत नाही.

सकाळी पावासाठी रांग होती. मी मामाच्या मागेच उभा होतो. शाळा अजून उघडली नव्हती, त्यामुळे आमच्यासारख्या मास्तरांना रांगेत उभं राहण्याचीच नोकरी. भट्टीवाल्या वनीसनं मामीची तब्येत विचारली. दोन दिवस गरम वारा सुटला होता, मामीचं डोकं धरलेलं होतं. मामा अगदी मनापासून म्हणाला, "घरात शेवाळ आहे म्हणून निभतंय बाबा. दिवसभर त्याच्याकडेच बघत पडलेली असते."

वनीसचा हात पावावरच राहिला. रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं. मी मामाचा सदरा मागून ओढला, तर तो मलाच म्हणाला, ढकलतोस कशाला, मिळेल की पाव.

अर्ध्या वाटेत मी त्याला समजावलं. तो थांबला. हातातला एक पाव खाली पडला, तो उचलून त्यानं कपाळाला लावला आणि पुन्हा खाली पाडला. मग साठीचा माणूस धावत सुटला. परत जाऊन सांगू का, असं त्यानं मला तीनदा विचारलं. मी तीनदा नको म्हणालो. काय सांगणार होता? शेवाळ आहे, पण माणूस नाही?

घरी पोचून त्यानं दार लावलं. दाराला टेबल लावलं. टेबल हललं म्हणून त्यावर स्वतः बसला.

दुपारच्या अजानीआधी नव्या झेंड्यावाल्यांची गाडी आली. चौघं होते, म्होरक्या नूरी. मागच्या वर्षापर्यंत कोपऱ्यावर पंक्चर काढायचा, आता खांद्याला बंदूक. मामाला टेबलावरून उठताच येईना. शेवटी मीच त्याला बाजूला केलं आणि दार उघडलं.

"हाजी, तुमच्या घरात शेवाळ आहे म्हणे," नूरी म्हणाला. अजून 'तुमच्या' म्हणत होता, एवढाच धीर.

मामानं मान हलवली. नाही म्हणायला हलवली की हो म्हणायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोरांनी पिठाचं पिंप उपसलं, गादी उलटी केली, गच्चीवरची पाण्याची टाकी उघडून पाहिली. कोणी सापडेना. मग सगळे मामीच्या खोलीत शिरले. ती भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला फडकं.

"कुठंय?" नूरीनं विचारलं.

मामानं बोट दाखवलं. भिंतीकडे. पोरांनी आधी भिंत ठोकून पाहिली, आत पोकळ आहे का म्हणून. मग नूरी मागे सरकला आणि त्यानं पहिल्यांदा भिंत नीट पाहिली. तिच्यावर नख ओढलं.

"हे हिरवं आहे."

"हिरवं नाही," मामा म्हणाला. "मी हिरव्याला मारलंय."

"काय केलंस?" 'तुमच्या' गेलं, 'तू' आलं.

"मारलंय. लाल घालून. एकदम मरत नाही तो, थोडं काळंही लागतं."

दाराजवळच्या पोरानं बंदूक खांद्यावरून उतरवली. मी मध्ये पडलो. तो रंगाबद्दल बोलतोय, नूरीभाऊ, रंगाबद्दल, पांढऱ्यात हिरवा टाकला की भडक होतो, म्हणून त्याला लाल नि काळ्यानं मारतात. माझा आवाज मलाच पोरीसारखा ऐकू येत होता.

नूरीनं विचार केला. "म्हणजे आपल्या झेंड्यातलेच रंग?"

"तेच," मामा म्हणाला. "फक्त ढवळलेत."

यावर हसावं का रागवावं, हे नूरीला ठरवता येईना. म्हणाला, कालवून दाखव. जुळला तर तुझं खरं.

डबे होतेच, गावभर नवे झेंडे रंगवण्याचं काम मामाकडेच होतं. त्यानं पांढरा ओतला, पेट्रोल घालून पातळ केला, हिरव्याचा एक पळा टाकला. लालची वेळ आली तेव्हा नजर बंदुकीवर गेली आणि थेंबाच्या जागी धार पडली. वर काळ्याचा थेंब टाकून खिडकीशेजारी त्यानं हातभर पट्टा ओढला. कलेजीचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसत होता तो. मामाच्या कपाळावरचा घाम नाकावरून डब्यात पडला.

"ओला रंग खोटं बोलतो," मामी म्हणाली. "वाळू द्या. बसा, चहा टाकते."

डोकं फुटत असताना ती उठली. आमच्याकडे चहाचे तीन फेरे, त्यातून सुटका नाही, बंदूकवाल्यालाही नाही. पहिला कडू फेसाळ झाला, दुसरा गोड झाला. मामा पेला तोंडाला लावायचा आणि तसाच खाली ठेवायचा. नूरी दर थोड्या वेळानं पट्ट्यावर बोट टेकवून बघे, आणि त्याचं बोट पुढे गेलं की मामाचे डोळे मिटत. बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं.

तिसऱ्या फेऱ्याला, शेंगदाण्यांचा चहा आला तेव्हा, पट्टा वाळून बसला होता. लाली आत गेली, वर तो दुधातला मंद थर आला. जुन्या भिंतीहून किंचित मळका. नूरीनं एक डोळा मिटून पाहिलं, ट्यूबमधलं भोक शोधावं तसं. खूप वेळ पाहिलं.

"जवळपास," तो म्हणाला. पेला रिकामा केला, दाणे मुठीत घेतले. दारात वळून म्हणाला, "नाव बदला, हाजी."

गाडी वळणाआड गेल्याबरोबर मामानं पांढऱ्याचा डबा नि मोठा कुंचला उचलला. संध्याकाळपर्यंत सगळं घर पांढरं करणार होता. मामीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"त्यांनी बघितलीय भिंत. उद्या येऊन पांढरी दिसली, तर काय लपवलं म्हणून विचारतील. मग काय सांगशील?"

मामानं कुंचला खाली ठेवला. डब्याचं झाकण त्यानं परत ठोकून बसवलं.

तेव्हापासून त्या रंगाला घरात नाव नाही. मामी त्याच भिंतीकडे बघत पडते, तिला बरं वाटतं. मामा त्या खोलीत भिंतीकडे पाठ करून जेवतो, आणि मी गेलो की घास हातात धरून विचारतो, "बघ रे जरा, आज जास्त हिरवी दिसत नाही ना?"

मी नाही म्हणतो. चार वाजता ऊन खिडकीत उतरतं तेव्हा ती चांगलीच हिरवी दिसते. म्हणून मी चारच्या आत जेवण उरकायला लावतो.