तीन नंबरचा डबा

वीस वर्षं नर्स आहे मी. भूत, करणी, बाहेरची बाधा असं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी आधी त्याचं बीपी बघते. सासूबाई म्हणतात, ही देवालाही केसपेपर काढायला लावेल! तरीही हे लिहितेय...

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय — नाव देत नाही. कापूस वेचणीचे दिवस. बायकांच्या वॉर्डात तीन नंबरच्या कॉटवर मंगलबाई होती, वेचताना घोणस चावलेली. सापाची लस वेळेत मिळाली, पायाची सूज उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून वेणी घालत बसली होती. नवरा रिक्षा आणायला गेला होता आणि मी डिस्चार्जचा कागद भरत होते.

आता अक्कांबद्दल सांगते. अक्का आमच्या वॉर्डात तीस वर्षं आया होत्या. प्रत्येक कॉटखाली त्या एक प्लास्टिकचा डबा ठेवायच्या, त्यावर नेलपॉलिशने मारलेल्या रेघा. पेशंटने लघवी त्यात करायची, अक्का रेघ बघायच्या आणि कमी दिसली की डॉक्टरांच्या मागे लागायच्या. त्यांचा नवरा घरीच, जुलाबानंतर लघवी बंद होऊन गेला होता. लघवी होत नाही हे चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रिटायर झाल्यावर अक्का धुळ्याला लेकीकडे गेल्या. तिथे अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आठ महिने तोंडातून शब्द नाही. डबे आम्ही ठेवत राहिलो, पण त्यात बघणं सुटलं.

अकराच्या सुमारास फोन वाजला. अक्कांची लेक, रेखा. रडत होती.

"ताई, आई बोलली! आत्ता!"

"अगं बाई! काय म्हणाल्या?"

"अर्थच लागेना हो. 'तीन नंबरना डबा कोरडा शे.' दोनदा म्हणाली. दवाखान्यातलं काही असेल म्हणून तुम्हाला लावला."

मी हसले. तीस वर्षांची सवय, कुठेतरी राहिली असेल, असं म्हणून फोन ठेवला. मग उगाचच खाली वाकले.

तीन नंबरचा डबा कोरडा ठणठणीत होता.

"मंगलबाई, लघवी कधी झाली?"

"काल दुपारले. थोडीशी." ती लाजली. "पानीच पिधं नही ना सिस्टर, मंग कथाईन व्हई? वावरमा जावाले जागा नही, म्हनीसन आम्ही पानीच पेतस नही. सवय शे."

शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, तिच्या दृष्टीने ती सोयच होती. दवाखान्याच्या संडासात जायला नको म्हणून इथेही तिने तेच केलं होतं. आणि पापण्या सुजलेल्या... ती सूज मी झोपेची समजले होते!

डॉक्टरांना ओढतच आणलं. नळी घातली, तर चमचाभर लघवी, काळ्या चहासारखी. लस लागू पडली तरी विषाने किडनी धरली होती. रिक्षा परत पाठवली आणि १०८ने तिला जळगावला नेलं. तिथे डायलिसिस. "घरी नेली असती तर..." तिथल्या डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही.

महिन्याभराने मंगलबाई भरताची वांगी घेऊन आली. "आते पानी पेस मी," म्हणाली. मला रडूच आलं.

रेखाला खोदून खोदून विचारलं. मंगलबाईबद्दल त्यांच्या घरी कुणालाच काही माहीत नव्हतं. अक्का त्या दिवसानंतर पुन्हा बोलल्या नाहीत. मी फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला आणि म्हटलं, "अक्का, डबा भरला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय, असं रेखा म्हणाली.

योगायोग म्हणा. मीही कधीकधी तसंच म्हणून बघते. धुळ्यात अंथरुणावर पडलेल्या अक्कांना तो डबा कसा दिसला, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. दहा पावलांवर बसून मला तो का दिसला नाही, याचं मात्र आहे. मी बघितलंच नव्हतं.